वाडग्यासकट वजन

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (या वेळी खरोखरच वाकून. इतकी वर्षं मी नुसतं तसं लिहायचो. मधे पोट यायचं. आता उभ्या उभ्या पायाची बोटं दिसतात, आणि उजव्या अंगठ्याचं नख किती वाढलं होतं तेही परवाच कळलं. पत्र त्याबद्दलच आहे, पण सावकाश.)

तुझे गुडघे कसे आहेत? मलम चोळतेस, की डॉक्टरांना दाखवायला कपाटात नीट जपून ठेवलंयस? तुमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडल्यापासून तू चौथ्या मजल्यावरून एकदाही खाली उतरली नाहीस, हे मला तुझ्या शेजारणीकडून कळलं. तू फोनवर वेगळंच सांगत होतीस. म्हणे खिडकीतून दोरीनं टोपली सोडते, दुकानदार त्यात पाव-दूध ठेवतो, वर ओढून घेते, काही अडत नाही. (दोरीला गाठ कोणती मारतेस ते कळव. टोपली असो की लिफ्ट, गाठीच्या बाबतीत मी सख्ख्या बहिणीवरही विश्वास ठेवत नाही.) मी म्हटलं, अगं निदान खालच्या बाकावर तरी जाऊन बसत जा. तर तू म्हणालीस, 'आता खाली माझं काय ठेवलंय रे?' मी उगाच हवेबद्दल काहीतरी विचारलं आणि फोन ठेवून दिला. वाईट वाटलं ते तेव्हा बोललो नाही, आता लिहितो.

योगायोग बघ, पुढच्याच आठवड्यात तुमच्या इमारतीचं काम आमच्या कंपनीला मिळालं. जुनी लिफ्ट काढून नवी बसवायची. मी तडक साहेबांकडे गेलो आणि म्हटलं, हे काम माझं. साहेब माणूस चांगला आहे, फक्त नियम दिसला की त्यांचा चेहरा उजळतो. त्यांनी नवा नियम दाखवला. शाफ्टमध्ये (लिफ्ट वर-खाली जाते त्या विहिरीत) उतरणाऱ्यानं कमरेला जो सुरक्षेचा पट्टा बांधायचा, तो शंभर किलोच्या माणसापर्यंतच. त्यापुढच्या माणसाला शाफ्टमध्ये पाऊल टाकायची बंदी. आम्हा सगळ्यांना गोदामातल्या मालाच्या काट्यावर उभं केलं. आमचा काडी (माझा जोडीदार, दिवसभर चरतो आणि अंगाला काही लागत नाही, असल्या माणसाबरोबर वीस वर्षं काढणं हीच एक शिक्षा आहे) चढला तर काटा हललाय की नाही म्हणून साहेबांनी वाकून पाहिलं. मी चढलो तर एकशे सहा. साहेब म्हणाले, तुमच्या बहिणीच्या इमारतीचं काम सुरू व्हायला अवकाश आहे, तोवर उतरवा, नाहीतर दुसरा माणूस पाठवतो. आणि मला तक्रारींच्या फोनवर बसवलं.

ताई, लिफ्टच्या माणसाला फोनवर बसवणं काय असतं ते तुला कसं सांगू. मी लिफ्टचा नुसता आवाज ऐकून दुखणं ओळखतो, पण फोनवर लिफ्टचा आवाज येतच नाही, अडकलेल्या माणसाचाच येतो. एका बाईंनी तर अर्धा तास मला त्यांच्या जावयाचे गुण सांगितले, शेवटी कळलं की जावई लिफ्टमध्ये अडकलाय आणि त्या बाहेर निवांत उभ्या आहेत. म्हणजे घरी कन्येनं जेव्हा माझ्या फोनमध्ये ते वजन उतरवायचं सॉफ्टवेअर घातलं, तेव्हा मी आधीच नाक मुठीत धरून बसलेला होतो.

या सॉफ्टवेअरला आम्ही घरात मास्तरीण म्हणतो. पहिल्या दिवशी तिनं वय, उंची, वजन विचारलं आणि 'दिवसभर काय करता' याला पर्याय दिले. त्यात 'शाफ्टमध्ये लोंबकळणे' नव्हतं. कन्येनं माझ्याकडे एकदा बघून 'बैठे काम' दाबलं. मग मास्तरणीनं दिवसाचा वाटा ठरवून दिला आणि बजावलं की जे जे तोंडात जाईल ते मोजून सांगायचं. ताटाचा फोटो काढला तरी ओळखते म्हणे. तुझ्या भावजयीनं मोठ्या हौसेनं विणलेला हिरवा टेबलाचा रुमाल आहे ना, पहिल्याच फोटोत मास्तरणीनं तो पालक म्हणून ओळखला आणि वर शाबासकी दिली की हिरव्या भाज्या चांगल्या खाता. अंडी मात्र तिला दिसलीच नाहीत. मी म्हटलं, चला, जमेल आपलं हिच्याशी. पण भावजयीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिनं रुमाल धुऊन कपाटात ठेवला आणि कन्येनं फोटो बंद करून स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा आणून ठेवला.

आता वजनाच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं कारण नाही, असं माझं मत होतं. (होतं हा शब्द लक्षात ठेव.) मी घरात सांगून टाकलं की या काट्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. लिफ्टच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते हे, की केबिनचं वजन घ्यायचं तर सगळ्यासकट घ्यायचं. आरसा, पंखा, दिवा, खालची फरशी, दाराची कडी, सगळं. कारण पलीकडे जो समतोलाचा लोखंडी बोजा लटकतो, त्याला हे सगळंच पेलायचं असतं. एका हॉटेलात मालकानं आम्हाला न विचारता केबिनमध्ये दगडी फरशी बसवली, तर लिफ्ट वर जाताना अशी कण्हायला लागली की पाहुणे जिन्यानं जायचे. म्हणून मी माझं जेवण घ्यायचो, काट्यावर ठेवायचो आणि आकडा दिसेल तो मास्तरणीला सांगायचो. वाडग्यासकट.

वाडगं कुठलं, ते तुला सांगायला नको. मला पहिली नोकरी लागली तेव्हा तू दिलेलं, जाड बुडाचं, पडलं तर फरशी फुटेल पण त्याला पोचा येणार नाही असलं. देताना म्हणाली होतीस, उपाशी राहू नकोस, भरून खा. मी आजवर दुसऱ्या कशात जेवलो नाही. तर ताई, मी रोज दोन्ही वेळा भाताबरोबर ते वाडगंही भात म्हणून लिहीत होतो, भाजीबरोबर भाजी म्हणून, आणि सूप असलं की सूप म्हणून. मास्तरीण संध्याकाळ झाली की लाल व्हायची आणि म्हणायची, आज तुम्ही मर्यादा ओलांडली आहे. हे वाक्य मी आयुष्यभर लिफ्टमध्ये चढणाऱ्या सातव्या माणसाला ऐकवत आलो. आता ते मला रोज ऐकावं लागायचं, आणि बाहेर पडायला दार नव्हतं.

मग मी खाणं कमी केलं. तरी लाल. आणखी कमी केलं. तरी लालच. शेवटी वाडग्याच्या तळाशी चार चमचे भात आणि त्यावर एक बटाट्याची फोड, एवढ्यावर आलो, तरी मास्तरीण म्हणे जरा हात आखडता घ्या. पोटात कावळे ओरडायचे ते फोनवर पलीकडच्याला ऐकू जायचे. लिफ्टमध्ये अडकलेला एक माणूस मला म्हणाला, तुम्ही आधी काहीतरी खाऊन घ्या, मी थांबतो. घरी तर वेगळंच रामायण. मी वाडगं पुढे सारून उठलो की भावजयीला वाटायचं, तिच्या हातची चव आता मला नकोशी झाली. तिनं आधी मीठ बदललं, मग तेल बदललं, मग माझ्याशी बोलणं बंद केलं. (बोलणं बंद म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे. मला जे सांगायचं ते ती कुकरला सांगते.) वजन मात्र भराभर उतरत होतं. मला वाटायचं, एवढं खाऊनही उतरतंय म्हणजे आपल्या घराण्याची प्रकृतीच भक्कम.

एका सकाळी भावजय भांडी लावत होती. तिनं ते धुतलेलं वाडगं सहज काट्यावर टेकवलं आणि वाकून आकडा वाचला. मग किती दिवसांनी माझ्याशी थेट बोलली.

'अहो, हे रिकामं आहे. तुम्ही रोज हेही खाताय का?'

मी केबिन, आरसा, पंखा, हॉटेलची फरशी, सगळं समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं की मग तुम्ही आजवर लिफ्ट पचवली किती वेळा? कन्येनं वाडगं वजा करून मागचा सगळा हिशेब परत मांडला, तर मी पाळण्यातल्या पोराएवढं जेवत होतो असं निघालं. भावजयीचा जीव भांड्यात पडला, कारण दोष तिच्या स्वयंपाकाचा नव्हता, वाडग्याचा होता. (तुझाच म्हणायचा, पण ती तसं म्हणाली नाही. तिच्या मनात आलं असेल.) मग ती खुर्चीत बसून बराच वेळ हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि उठून मला दोन अंडी करून घातली. मी म्हटलं, चुकून का होईना उतरतंय, तर चालू दे असंच. दोघींनी मिळून मला असं काही फैलावर घेतलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यानंतर आधी रिकामं वाडगं ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि मग वाढून घ्यायचं, हे कन्येनं मला शिकवलं. मास्तरीण हिरवी झाली. वजन थोडं परत चढलं, मग अडून बसलं, मग गोगलगाईच्या चालीनं उतरायला लागलं. पोटभर जेवून उतरलेलं वजन जरा उशिरा येतं, पण त्यात चिडचिड नसते.

काल साहेबांनी गोदामात बोलावलं. सकाळी मास्तरणीच्या हिशेबानं मी चौऱ्याण्णव होतो. छाती काढून गेलो. बूट काढायला वाकलो (वाकलो, लक्षात घे), तर साहेब म्हणाले, काढू नका, उलट सगळं चढवा. पट्ट्याला काय माणूस वेगळा आणि बूट वेगळे कळतात? मग बूट, टोपी, तो पट्टा आणि कमरेला हत्यारांची पिशवी, असा नवरदेवासारखा नटून मी काट्यावर उभा राहिलो. सगळ्यासकट एकशे एक. माझ्या तोंडचं पाणी पळालं. वाद तरी काय घालणार? हे सगळ्यासकटचं तत्त्व नव्या पोरांना मीच शिकवतो. मी तिथेच उभा होतो आणि डोळ्यांसमोर तुझी ती टोपली खाली-वर होत होती. तेवढ्यात काडी पाव चघळत आला, माझ्या कमरेची पिशवी सोडून त्यानं स्वतःच्या कमरेला बांधली आणि काटा बघितला. सत्त्याण्णव. साहेबांनी नियमाचा कागद उलटसुलट वाचला. हत्यारं कुणाच्या कमरेला असावीत याबद्दल त्यात काही नव्हतं. त्यांनी सही केली.

तेव्हा ताई, पुढच्या सोमवारी मी येतोय. मी हात घेऊन येतो, हत्यारं काडी आणेल. काम संपेपर्यंत तुझ्याकडेच राहीन, बाहेरच्या खोलीत अंथरूण टाक. शेजारणीला माझा नमस्कार सांग आणि तिनं मला काही सांगितलंय हे तिला सांगू नकोस.

तुझा,
धाकटा (आता थोडा अधिकच)

ता. क. साहेबांनी अट घातली आहे की दर सोमवारी तुमच्या जिन्याखाली काटा मांडून मला सगळ्यासकट मोजायचं. तेव्हा हात जोडून सांगतो, मला खायला घालू नकोस. 'एवढंसंच आहे' म्हणून नको, 'वाया जाईल' म्हणून नको. शाफ्टमध्ये तर टोपली मुळीच सोडू नकोस. तू सोडशील, मला माहीत आहे. काडीसाठी सोडायची असेल तर हाक मारून सोड, म्हणजे मी तोंड फिरवून उभा राहीन.

ता. क. दुसरं. वरचं सगळं मी भावजय शेजारी बसली होती म्हणून लिहिलं. ती आता आत गेली आहे. रविवारी काटा नसतो.

ता. क. शेवटचं, आणि पत्र खरं यासाठीच. नवी लिफ्ट बसली की आधी तिच्यात लोखंडी वजनं ठेवून ती खाली-वर करून बघतात. त्यानंतर पहिली जिवंत फेरी कुणाची, ते बसवणारा ठरवतो. मी ठरवलंय. तू चौथ्या मजल्यावर आत यायचं, खुर्ची मी आधीच ठेवलेली असेल, आणि बटण दाबायचं. बाकी सगळं माझ्यावर सोड. खाली तुझं काय ठेवलंय, असं विचारलं होतंस. मी दार उघडून उभा असेन. वाडगं मी येताना घेऊन येतोय; त्या दिवशी ते भरून मांडीवर घेऊन ये. ते मी वजनात धरलेलं आहे.