पद्मावतीची हजेरी

११ जून १९५६, काचीगुडा

आले एकदाची हैद्राबादेत! नांदेडहून निघताना भावाने विचारलंच, नवी राज्यं होणार, तिथले मराठी लोक बिऱ्हाडं बांधून इकडे यायच्या गोष्टी करताहेत आणि तू उलटी कुठे निघालीस? बरोबर आहे त्याचं. पण नोकरी तिथे मिळाली, मी तरी काय करू?

सुलतान बाजाराजवळच्या मुलींच्या मराठी शाळेत मॅट्रिकच्या वर्गाला गणित शिकवायचं आहे. खोली स्टेशनामागे, चतुराबाईंकडे. बाई मोठ्या बोलक्या. पेटी खाली ठेवते न ठेवते तोच, बसा ना माय, चाय होतेच लगेच, परेशान नका होऊ, म्हणाल्या. शेजारी कोण राहतं, कोणाची बदली कुठे होणार, हे सगळं चहा उकळेपर्यंत मला कळलं होतं.

मुख्याध्यापक मुकुंदरावांनी शिक्षकांच्या हजेरीपटावर माझं नाव स्वतः लिहिलं: प्रमिला नामदेवराव. छत्तीस वर्षांत माझं नाव इतक्या झोकदार अक्षरात कोणी लिहिलं नव्हतं. पाय दुखताहेत, पण मी खुशीत आहे.

२ जुलै

आजपासून माझ्या गळ्यात आणखी एक काम पडलं. तारनाक्याच्या पुढे एक कॉलेज आहे. त्यांनी शाळांसाठी नवी योजना काढली आहे. मॅट्रिकच्या मुलींनी आठवड्यातून तीन सकाळी तिथे वर्गाला बसायचं. हजेरी भरली आणि परीक्षा दिली, की कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा निम्मा अभ्यास शाळेत असतानाच जमा. अट एकच, शाळेतून किमान बारा मुली हव्यात. आमच्या बरोबर बारा आहेत. त्यांना नेणं-आणणं माझ्याकडे, कारण मी नवी आणि एकटी.

म्हणजे पाचला उठायचं, सहाची बस, साडेनऊला परत, आणि साडेदहाला शाळेची घंटा. पण भामाकडे पाहिलं की कुरकुर करवत नाही. तिचे वडील भगवंतराव कोर्टात कारकून आहेत. पुढच्या दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं आहे. मॅट्रिकनंतर कॉलेजला सहा महिने देतो, सातवा मागू नकोस, असा त्यांनी शब्द दिला आहे. निम्मं वर्ष आताच जमा झालं तर उरलेलं त्या सहा महिन्यांत बसतं. मग शिक्षिकेचं ट्रेनिंग करता येईल, असं सासरच्यांनी कबूल केलंय म्हणे. मला म्हणाली, मी तुमच्यासारखी बाई होणार. मी म्हटलं, हो, पण माझ्यापेक्षा थोडी कमी दमलेली हो.

१४ जुलै

तारामती गेली. तिच्या वडिलांचं खातं औरंगाबादेला हललं. अकराच उरल्या. सोमवारी यादी द्यायची आहे आणि अकरा मुलींची यादी कॉलेज घेणार नाही. मुकुंदराव डोकं धरून बसले. मग हळूच म्हणाले, लिहा बाई एखादं नाव, इतक्या बदल्या चालल्यात, पुढे एखादी पोर येईलच.

भामा खिडकीशी उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा पाहिला आणि मी लिहिलं. बारावी, पद्मावती हिम्मतराव. असं नाव डोक्यात कुठून आलं कोण जाणे. अगदी सहज आलं.

१६ जुलै

कॉलेजात हजेरी मिर्झासाहेब घेतात. वयस्कर कारकून, जाड चष्मा, यादीतून मान वर म्हणून काढत नाहीत. पहिल्याच दिवशी नियम सांगून टाकला, आवाज आया तो हाजिर, नई आया तो गैरहाजिर, बस.

पद्मावतीचं नाव पुकारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. ही सोय करायचं मी विसरलेच होते. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून बारीक आवाज आला, "हाजिर!" भामा होती, तोंडावर पदर धरून. परतताना बसमध्ये मी तिला रागवायला हवं होतं. पण मुली इतक्या हसत होत्या की मीही हसले.

२० ऑगस्ट

आता ते भामाचं कामच झालं आहे. स्वतःचं हाजिर खणखणीत, पद्मावतीचं नाजूक. मुली बसमध्ये पद्मावतीसाठी जागासुद्धा धरतात, आज तिने डब्यात काय आणलंय यावर पैजा मारतात. मी मात्र भयंकर थकले आहे. शाळेत फळ्यावर उदाहरण मांडता मांडता उभ्याने डुलकी लागली.

५ सप्टेंबर

भामा तापाने घरी. दहाच मुली घेऊन गेले. एक दिवस पद्मावती गैरहजर राहिली तर काही बिघडत नाही, असं मनाशी म्हटलं.

भामाचं नाव झालं. उत्तर नाही. मिर्झासाहेबांनी फुली मारली. मग पद्मावतीचं नाव झालं आणि तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "हाजिर." भामाचाच आवाज. नाजूक केलेला नव्हे, तिचा स्वतःचा, खणखणीत.

तिसरा बाक रिकामा होता. दहाही जणींना एकेक करून विचारलं, सगळ्यांनी विद्येची शपथ घेतली. त्यातल्या दोघी तर रडायलाच लागल्या. दमलेल्या कानांना काहीही ऐकू येतं, अशी मी स्वतःची समजूत घालते आहे.

५ ऑक्टोबर

कॉलेजच्या सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका आल्या. पद्मावती हिम्मतराव पहिली, पन्नासात पंचेचाळीस. पेपर माझ्यासमोर पडला आहे. अक्षर गोल, काना जरा डावीकडे कललेला. हे अक्षर मी रोज शाळेच्या वहीत तपासते. भामाचं आहे.

भामाची उत्तरपत्रिका आलीच नाही. ती म्हणते, बाई, मी पूर्ण लिहिला होता, दोन पुरवण्या लावल्या होत्या. मी तिच्यावर विश्वास ठेवते. तिला आता ते हाजिर म्हणणं बंद कर म्हणून सांगितलं. तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. म्हणाली, बाई, दिवाणखाना झाडता झाडता आईने हाक मारावी आणि दुसऱ्याच कोणी ओ द्यावी, तसं होतंय. मी महिनाभर झाला, तिच्यासाठी हाजिर म्हटलेलंच नाही.

१ नोव्हेंबर

आज नवं राज्य झालं. नांदेड मुंबईत, मी आंध्रात. चतुराबाई दिवाळीच्या करंज्या तळता तळता म्हणाल्या, आपण तर इथंच्या इथंच बैठलोय माय, राज्यंच हलून ऱ्हायलीत. हसले. बऱ्याच दिवसांनी.

मुकुंदरावांना सगळं सांगून टाकलं. नाव खोडू या म्हटलं. त्यांनी समजुतीने ऐकलं आणि म्हणाले, खोडलं की अकरा. अकरा झाल्या की योजना बंद, आणि सगळ्या जणींचं वर्ष पाण्यात. भामाचंही. विचार करा बाई, आणि थोडी झोप घ्या.

१२ नोव्हेंबर

बसमध्ये मी अकरा मोजल्या. कंडक्टरने बारा तिकिटं फाडली. मी भांडले. तो म्हणाला, "बारा बच्चियाँ हैं अम्मा, तुमीच गिनको देखो."

पुन्हा मोजलं. बारा. पुढच्या बाकावर खिडकीशी एक जण पाठमोरी. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी. शेजारी भामा उभी होती, दांड्याला धरून. मी विचारलं, बसत का नाहीस? म्हणाली, माझ्या जागेवर कोणीतरी आहे ना.

३ डिसेंबर

भामा वाळत चालली आहे. आजार नाही, डॉक्टरांनाही काही सापडत नाही. नुसती पुसट. वर्गात तिच्यावरून नजर घसरते. मुली तिच्या हातातून वही घेतात आणि तिच्याकडे न बघता पुढे देतात.

मिर्झासाहेबांनी तिचं नाव घेतलं. ती हाजिर म्हणाली. मी शेजारी होते, मला ऐकू आलं. त्यांना आलं नाही. फुली. मी उठून सांगितलं, मुलगी समोर उभी आहे. त्यांनी मान वर न करता नियम सांगितला.

पुढचं नाव पद्मावतीचं. आवाज वर्गभर घुमला.

१८ जानेवारी १९५७

भगवंतराव शाळेत आले होते. सभ्य गृहस्थ, टोपी हातात. खुर्चीत बसून बराच वेळ कपाळ चोळत राहिले. म्हणाले, मी कोणाला तरी सहा महिन्यांचा शब्द दिला होता बाई. कोणाला ते काही केल्या आठवत नाही. तुम्हाला काही माहीत आहे का?

भामा दारात उभी होती. त्यांच्यापासून चार हातांवर.

मी ओरडले त्यांच्यावर. ते घाबरून निघून गेले, तिच्या अगदी अंगावरून. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, बाई, काल रात्री आईने ताट वाढलं नाही.

हे माझं पाप आहे. नाव मी लिहिलं.

१ फेब्रुवारी

मिर्झासाहेबांकडून हिशेब घेतला. भामाची हजेरी तीन दिवसांनी कमी पडते. उरलेत तीनच दिवस: ४, ६, ८ फेब्रुवारी. तिन्ही भरले तर सगळं जमा, वार्षिक पेपर ती देईलच. एक जरी चुकला तर काही नाही.

तिचा आवाज आता मलाही ऐकू येत नाही. ओठ हलतात.

आवाज आला तर हजर. कोणाचा, ते नियमात नाही.

४ फेब्रुवारी

भामाचं नाव घेतलं. मी मागून म्हटलं, हाजिर.

बरोबरची खूण झाली. भामाने दचकून वर पाहिलं. गालावर रंग आला. परतताना बसमध्ये तिला जागा मिळाली —

मला कंडक्टरने तिकीट विचारलं नाही.

६ फेब्रुवारी

पुन्हा म्हटलं. मुली तिच्याशी बोलू लागल्या. मधल्या सुट्टीत तिची आई डबा घेऊन आली, पोरीला जवळ घेऊन रडली, का ते तिलाच कळेना —

मी फळ्यापाशी उभी होते. वर्ग गोंगाट करत राहिला. कोणी उठून उभं राहिलं नाही. मुकुंदरावांनी दारातून डोकावून विचारलं, या तासाला बाई नाहीत का?

चतुराबाईंनी माझी खोली दाखवायला भाडेकरू आणले. माझ्या पलंगाकडे बोट दाखवून म्हणाल्या, हे सामान आधीचं कोणाचं तरी —

८ फेब्रुवारी

झालं. तिसरी हजेरी. घशातून जेमतेम निघाली, पण निघाली. मिर्झासाहेबांनी यादीखाली शिक्का मारला. भामाची हजेरी भरली.

पद्मावतीचं नाव पुकारलं तेव्हा कोणीच बोललं नाही. मला वाटलं, गेली. सुटलो —

बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. पहिल्यांदाच तोंड वळवलं. चेहरा — छत्तीस वर्षांच्या बाईचा, दमलेला —

११ फेब्रुवारी

शिक्षकांच्या पटावर तेच झोकदार अक्षर. पद्मावती हिम्मतराव, गणित. माझ्या ओळीवर. भीती वाटते. फार भीती वाटते. आणि झोप येते —

भामाने मला पाहिलं. सगळ्या शाळेत तिनेच. वही छातीशी धरून जवळ आली, सगळं समजल्यासारखी. बाई, म्हणाली, उद्या मुकुंदराव शिक्षकांची नावं वाचणार आहेत. तुमचं कोणाला आठवलं नाही तर मी पुकारीन आणि मीच ओ देईन —

मी नको म्हणाले. तिला ऐकू गेलं नाही. ती हसत वर्गात गेली.

ही वही तिच्या बाकात ठेवते आहे. भामा, नीट वाच. तुझी हजेरी भरली आहे, पेपर दे, तू जा, बाई हो. उद्या माझं नाव निघालं तर तोंड उघडू नकोस. कितीही वाईट वाटलं तरी माझ्यासाठी तू —