गोळे फुटू नयेत म्हणून

१२ डिसेंबर

वन्संना सप्रेम नमस्कार. त्यात प्रेम किती आणि नमस्कार किती, हे आपल्या दोघींना ठाऊक आहेच.

पत्र बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, आणि मेसेज केला तर उत्तरादाखल गुलाबाच्या फुलाचं चित्र येतं. कागदाला मध्येच 'ते असू दे गं' म्हणून तोडता येत नाही, म्हणून बसले लिहायला. पत्र पोस्टात टाकायचं काम तुमच्या बंधुराजांना देणार आहे. तेवढं त्यांना झेपेल असं वाटतं.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी कडाक्याची पडलीय. थंडी पडली की आपल्या कोटाची चेन मागच्या वर्षीच तुटली होती हे लोकांना एकदम आठवतं, त्यामुळे दुरुस्तीला आलेल्या कोटांनी पुढच्या खोलीत मला पाय ठेवायला जागा नाही. आई माझ्या इस्त्रीच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसतात, कारण घरात खरी ऊब तेवढीच. तुम्ही त्याला 'आईला चिंध्यांत बसवलंय' म्हणालात. म्हणालात ते म्हणालात, वर मावशींच्याही कानावर घातलंत. मावशींनी ते पुढे किती जणांच्या कानावर घातलं असेल, त्याचा हिशेब मी ठेवत नाही. मला शिवणकाम असतं.

तुम्ही रविवारी गाडी घेऊन येणार आणि आईंना कायमचं घेऊन जाणार, हे मला तुमच्या भावाकडून कळलं. कळलं म्हणजे काय, वर्तमानपत्राच्या आडून आवाज आला, "ताई म्हणतेय, आईला नेते." मी विचारलं, "मग तुमचं म्हणणं काय?" तर पान उलटल्याचा आवाज आला. या माणसाने उभ्या जन्मात एकच ठाम निर्णय घेतलाय, तो म्हणजे चष्म्याची फ्रेम बदलायची नाही.

तर न्या. खुशाल न्या. माझ्या कंबरेला जरा आराम पडेल. 'आईने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, मला भिंगरीकडे राहायचंय,' असं तुम्ही सगळ्यांना सांगताय. लहानपणी तुम्ही घरभर गरगर फिरायचात म्हणून आईंनी तुमचं नाव भिंगरी ठेवलं, ही गोष्ट मी या घरात आल्यापासून ऐकत आलेय. आता खुद्द आईंनीच भिंगरीचं नाव घेतलं म्हटल्यावर मी कोण मध्ये पडणारी? तुम्ही बँकेतून निवृत्त झालात आणि तुम्हाला आई आठवली. काही जणांना बागकाम आठवतं.

तुम्ही खिम्याच्या गोळ्यांच्या सूपची कृती मागितलीत. थंडीच्या दिवसांत आई दुसरं काही धड खात नाहीत, हे तुम्हाला गेल्या खेपेला समजलं, ते बरं झालं. पण ते समजल्यावर तुम्ही जे केलंत ते मी विसरलेले नाही. मोबाइलवर व्हिडिओ लावलात आणि खिमा मिक्सरमधून फिरवून फिरवून काढलात. अहो, ते गोळे होते की गोट्या? त्यांचा फोटो काढून तुम्ही नातेवाइकांत फिरवलात, 'आईने वाटी पुसून खाल्ली!' दुसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर कोट न्यायला आले, घालून बघताना खिशात हात घातला, आणि तुमचे गोळे एकेक करून माझ्या टेबलावर मांडले. आईंनी जेवताना शेजारी लटकलेल्या कोटात ते गुपचूप सोडले होते. डॉक्टर म्हणाले, "बाई, मी फक्त चेन बदलायला दिली होती." मी मान खाली घालून त्यांचा कोट धुऊन दिला आणि तुम्हाला अवाक्षर बोलले नाही. आता बोलतेय.

असो. कृती.

आधी हाडांचं पाणी. हाडं, अख्खा कांदा, दालचिनीचा तुकडा, थोडे मिरे, एखाद-दुसरी लवंग, सगळं मंद आचेवर ठेवायचं आणि विसरून जायचं. विसरणं तुम्हाला चांगलं जमतं, त्यामुळे एवढा भाग बिघडणार नाही. खिमा खाटकासमोर उभं राहून एकदाच काढून घ्यायचा आणि त्यात थोडी चरबी राहू द्यायची. तुमच्या यजमानांचं कोलेस्टेरॉल यात आणू नका, सूप त्यांच्यासाठी नाही. खिम्यात अगदी बारीक चिरलेला कांदा, आलं-लसूण, जिऱ्याची पूड, मिरपूड, मीठ. शिळा पाव पाण्यात बुडवून घट्ट पिळून घालायचा. पाव शिळाच हवा, ताज्याचा नुसता लगदा होतो. मळताना हात ओला ठेवायचा आणि खिम्याशी भांडायचं नाही. दिसेल त्याला तिंबून काढायची तुमची जी पद्धत आहे, ती इथे चालत नाही.

गोळे लिंबाहून लहान. पाणी खळखळत असताना सोडलेत तर फुटतील, तेव्हा आच इतकी कमी करा की पाणी नुसतं हललं पाहिजे. भांड्याच्या कडेने एकेक सोडायचा. आणि मग हात लावायचा नाही. डाव घालून ढवळायचं नाही, झाकण उघडून बघायचं नाही. हे तुम्हाला जड जाणार, कारण दुसऱ्याच्या घरात गेलं की झाकणं उघडायची तुम्हाला फार हौस. माझ्या स्वयंपाकघरातला एक डबा तुम्ही कधी सोडलेला नाही. फ्रिजमधल्या वाट्यांचे वाससुद्धा घेऊन बघता. गोळे घट्ट झाले की टोमॅटोचा रस घालायचा आणि एक उकळी आणायची. शेवटी तेलात चिमूटभर तिखट परतून वरून. लिंबू आपण पिळून द्यायचं. आईंच्या हाताने बिया पडतात आणि घशात अडकतात.

आणखी एक. त्यांच्या हाताला काम लागतं, नाहीतर शाल कुरतडत बसतात. मी त्यांना जुन्या कपड्यांच्या शिवणी उसवायला देते. कधी कधी नव्याही उसवतात. मुख्याध्यापकांच्या कोटाची बाही मी एकदा लावली, ती आईंनी उसवली, मग मी पुन्हा लावली. तुमच्याकडे सगळीकडे संगमरवर आहे, तो काही उसवता येत नाही. बघा काहीतरी.

त्यांची बॅग भरून ठेवते. यजमानांना नमस्कार.

तुमची भावजय


१६ डिसेंबर

वन्संना नमस्कार. या वेळी नुसताच.

काल तुमचा फोन आला. तुमच्या भावाने तो स्पीकरवर ठेवला, कारण कानाला लावला तर वर्तमानपत्र धरता येत नाही. त्यामुळे मी मशीनवर बसल्या बसल्या सगळं ऐकलं. तुम्ही सूप करून बघितलंत, सगळे गोळे फुटले, आणि 'तिने मुद्दाम काहीतरी गाळलंय, आईला माझ्याकडचं आवडू नये म्हणून' असं तुम्ही म्हणालात. मग तुम्ही रडलात. गोळ्यांसाठी रडणाऱ्या बँक अधिकारी मी पहिल्यांदाच ऐकल्या. हसू येत होतं, पण खोटं कशाला सांगू, हसता आलं नाही.

कृती पुरी होती. तुम्ही झाकण उघडून ढवळलं असणार. शपथेवर सांगा, ढवळलं की नाही?

पण गाळलं मी आहे. ते कृतीतून नाही, बाकीच्या पत्रातून. आणि मी ते गाळलेलंच ठेवणार होते. तुम्ही रविवारी याल, तोऱ्यात त्यांना घेऊन जाल, आणि तिकडे तुमचं तुम्हाला कळेल. कळलं की कसं तोंड होईल तुमचं, हे मी शिवता शिवता मनात बघितलंय. मला बरं वाटायचं. वाईट बाई आहे मी, हे तुम्ही मावशींना सांगितलंच आहे, तेव्हा यात नवीन काही नाही.

तुम्हाला माहीत आहे, या घरात आल्यापासून आईंनी मला कधी नावाने हाक मारली नाही. 'अगं ए' म्हणायच्या. चारचौघांत 'ही आमची' म्हणायच्या, पुढचा शब्द गिळून. मी केलेल्या भाजीला मीठ बरोबर पडलं तर 'आज मीठ बरं पडलंय', म्हणजे श्रेय मिठाला. मीही काही कमी नव्हते. मनातल्या मनात त्यांना जी नावं ठेवली ती या कागदावर लिहिली तर पोस्टातला माणूस पत्र परत करेल.

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला होता. तुम्ही तेव्हा फुलाचं चित्र पाठवलं होतंत. ताप उतरल्यावर त्या भिंत धरून स्वयंपाकघरात आल्या. मी खिमा मळत होते. त्या माझ्यामागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भिंगरे, हात ओला कर गं. चिकटतंय बघ."

मी म्हटलं, "आई, मी भिंगरी नाही. मी सून तुमची."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग ओट्याकडे, खिडकीकडे, स्वतःच्या हातांकडे. आपण कुणाच्या घरात उभ्या आहोत हेच त्यांना कळेना. इतकं घाबरलेलं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं. "मग भिंगरी कुठाय?" म्हणाल्या. दुपारभर त्या दाराशी जाऊन बघत होत्या, आणि जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली, "भिंगरे." आणि मी ओ दिली.

तेव्हापासून मीच ओ देते. भिंगरे, पाणी दे. भिंगरे, केस विंचर. भिंगरे, तू जेवलीस का? वन्सं, 'तू जेवलीस का' हे त्यांनी मला आजवर एकदाही विचारलं नव्हतं. आता रोज विचारतात. मी जेवले म्हटलं तरी आपल्या वाटीतला एक गोळा काढून माझ्या वाटीत टाकतात. मला माहीत आहे, तो गोळा माझा नाही, तुमचा आहे. तरी मी खाते.

गेल्या आठवड्यात तुम्ही त्यांना फोनवर 'कुणाकडे राहायचंय' असं विचारलंत आणि त्यांनी 'भिंगरीकडे' म्हणून सांगितलं, तेव्हा त्या माझा पदर धरून बसल्या होत्या. तिकडे तुम्ही आनंदाने ओरडलात. इकडे मी गप्प बसले.

आणि तुम्हाला त्या काय म्हणतात तेही सांगते, नाहीतर पुन्हा म्हणाल गाळलं. तुम्ही येणार असं कळलं की त्या म्हणतात, "तपासणीच्या बाई येणारेत, घर आवर." तुम्ही डबे उघडता ना, त्यावरून. तुम्ही करून दिलेलं त्यांनी कोटात लपवलं, ते चव नव्हती म्हणून लपवलंच, पण तपासणीच्या बाईंसमोर 'नको' म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

हे लिहिताना मला मजा येईल असं वाटलं होतं. आली नाही.

तुम्ही म्हणाल, मी समोर बसून आठवण करून देईन, फोटो दाखवीन, 'आई, मीच गं तुझी भिंगरी' म्हणून सांगेन. नका सांगू. मी एकदा खरं सांगून बघितलंय. त्यांना त्यातून मुलगी मिळाली नाही, नुसती भीती मिळाली. आणि तुमच्या त्या गुळगुळीत घरात, जिथे खुर्चीसुद्धा ओळखीची नाही, तिथे त्यांनी भिंगरीला हाक मारली आणि ओ द्यायला तपासणीच्या बाई आल्या, तर त्यांचं काय होईल? तुम्ही माझा कितीही राग करा, पण याचं उत्तर मनाशी देऊन मग गाडीत बसा.

मागायची मला सवय नाही. या घरात मी आजवर काही मागितलेलं तुम्हाला आठवणार नाही, कारण मागितलंच नाही. आता मागते. आईंना नेऊ नका. त्यांचं कसं होईल म्हणून म्हणतेय, हे अर्धंच खरं. त्या गेल्यावर दिवसभर या मशीनचा आवाज ऐकत मी काय करू, ते मला कळत नाही, हे उरलेलं अर्धं. तुमच्या आईचा मला लळा लागलाय. लिहिलं एकदाचं.

रविवारी या मात्र. बॅग मी भरलेली नाही. भारी साडी नेसू नका, चपला दाराबाहेर काढा, आणि देवाशपथ, एकाही डब्याला हात लावू नका. सरळ ओट्याशी माझ्याशेजारी येऊन उभ्या राहा. खिमा मी आणून ठेवते, मळायचा तुम्ही. व्हिडिओ नको, मिक्सर नको. हात ओला करून, हळू. आई मागच्या खुर्चीत असतील. आपल्या दोघींच्या पाठी त्यांना दिसतील, तोंडं दिसणार नाहीत.

त्या हाक मारतील. रोज मारतात. त्या वेळी तुम्ही ओ द्या. मी गप्प राहीन.

तोवर तुमचं नाव सांभाळणारी,
भावजय