तपासणीच्या दिवशी कय्युमभाईंनी बूट काढले

परळी वैजनाथ,
सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप दाजींना त्रिंबकचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. मंगलअक्कालाही तेवढाच, किंबहुना थोडा जास्त.

अक्काचा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला तिने 'बरा आहे' असं ज्या आवाजात सांगितलं त्यावरून तो बरा नसावा. तुमची साखर उतरली का? (कोल्हापुरात राहून साखर उतरवणं सोपं नाही, हे मी जाणतो.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, आणि हे वाक्य मी नेहमीसारखं सवयीने लिहिलेलं नाही, चांगला विचार करून लिहिलं आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला 'त्रिंबक, मुद्द्यावर ये' म्हणता. पत्राला तसं कोणी दटावू शकत नाही, म्हणून पत्र.

आधी गोड बातमी. आपला ओतकामाचा कारखाना चालू राहिला! परवान्याचं नूतनीकरण झालं, कागद कचेरीतल्या टेबलावर आहे आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर बॉयलरच्या जाळीचा एक ओतीव दांडा ठेवला आहे (वजन नऊ किलो). मंजुषा म्हणते कागद फाटेल. फाटू दे, पण हलायला नको. गेले दोन महिने मला जेवण गोड लागत नव्हतं, ते कालपासून लागतं आहे. काल शेपूची भाजी होती, तीसुद्धा लागली.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण लिहिताना बरं वाटतं. तुमच्या ओतकाम वार्तापत्रात आषाढात बातमी आली की यापुढे वितळलेलं लोखंड ओततात त्या जागी सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेला, दाखला असलेला माणूस लागेल, आणि धूळही आटोक्यात पाहिजे. नाहीतर परवाना नाही. परवाना नाही म्हणजे साखर कारखान्याचं जाळ्यांचं काम नाही, आणि ते काम नाही म्हणजे आमच्याकडची चौदा माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला. आमच्या बंकटने तर कोयता माळ्यावरून काढून दाराशी ठेवलाच होता. चार वर्षांपूर्वी त्याने तोडणी सोडली ती पोरीच्या शाळेसाठी. येताजाता माझ्या तोंडाकडे बघायचा. त्यापेक्षा बोलला असता तर बरं.

म्हणून मी कय्युमभाईंना तुमच्या सुरक्षा प्रशिक्षणाच्या वर्गाला कोल्हापूरला धाडलं. आबांच्या वेळेपासूनचा माणूस, एकतीस वर्षं साचे भरतो आहे. भट्टीतल्या रसाचा रंग बघून तो तयार झाला की नाही सांगतो, आणि मग यंत्र लावून बघितलं तर यंत्रालाच लाज वाटते. अशा माणसाला, दाजी, तुम्ही नापास केलंत. (राग नाही. होता, आता नाही.) तोंडी परीक्षेत तुम्ही विचारलंत की रस ओतायला जाण्याआधी पायात काय असावं, आणि ते म्हणाले, 'काहीच न्हाई.' तुम्ही शून्य दिलंत. तुमच्या जागी मीही दिलं असतं. परत आल्यावर आठ दिवस ते फक्त भट्टीशी बोलले.

दाखला नव्हता, आणि तपासणी मात्र गुरुवारी ठरली. निदान धुळीत तरी मार्क मिळवू म्हणून सगळे कामाला लागलो. चौदा हेल्मेटं, चौदा जोड बूट, कातडी एप्रन. हेल्मेटवर बंकटच्या पोरीने स्केचपेनने नावं घातली. आता घरी मोठं माणूस येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. पहाटे सडा पडला. शेणाचा, दाट, भट्टीपासून साच्यांपर्यंत. त्यावर रांगोळी, साच्यांभोवती नक्षी, आणि भट्टीच्या पायथ्याशी 'सुस्वागतम'. दहाच्या उन्हाला वरून सगळं वाळून असं देखणं दिसायला लागलं की मला वाटलं, एवढ्यावरच परवाना मिळावा.

तपासणीला मॅडम आल्या. वय तिशीचं, स्वतःचं हेल्मेट स्वतः घेऊन आलेल्या. शाल-श्रीफळ नको म्हणाल्या तिथेच माझ्या पाचावर धारण बसली. टेबलावरून बोट फिरवून ते उलटं करून बघितलं. मी म्हटलं, मॅडम, ही धूळ आमची नाही, गावाची आहे. त्या हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, ओतकाम दाखवा.

भट्टी तयार होती, तिचं तोंड फोडून रस काढायचा तेवढा बाकी होता, अठरा साचे मांडलेले. बंकट आणि सोमेश्वर लांब दांड्यांचं ओतायचं भांडं धरून उभे. मी मॅडमच्या शेजारी, फोटोसाठी मोबाइल वर धरून (पुढे तुम्हाला पाठवायचा होता). आणि कय्युमभाई, ज्यांना मी सकाळपासून सात वेळा बजावलं होतं, ते भट्टीसमोर आले, उकिडवे बसले आणि सगळ्यांदेखत बुटाच्या नाड्या सोडायला लागले. मी डोळे वटारले, खोकलो, मोबाइल पाडला. त्यांनी एक बूट काढला, दुसरा काढला, मोजे त्यात नीट घडी करून ठेवले. मॅडमनी वही उघडली. दाजी, पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज मला भट्टीच्या घरघरीत ऐकू आला.

आता ही त्यांची रोजची तऱ्हा. ओतण्याआधी अनवाणी एकदा साच्यांपर्यंत जायचं, परत यायचं, मग बूट घालायचे. मला इतकी वर्षं वाटायचं, काही मन्नत असेल. दुसऱ्याच्या श्रद्धेत कशाला नाक खुपसा, म्हणून मी कधी विचारलं नाही. ते निघाले, 'सुस्वागतम'वरून चालत गेले आणि तिसऱ्या पावलाला थांबले. टाच दाबली. वाकून वरचा पापुद्रा नखाने उचलला, खालची माती मुठीत आवळली. आणि ओरडले, 'भट्टी फोडू नका! खाली ओल हाय!' मी मॅडमना समजावण्यासाठी दोन पावलं पुढे झालो, तर माझ्यावरच कडाडले, 'त्रिंबक, मागं हो!' आबा गेल्यापासून मला ते मालक म्हणतात. गुरुवारी पुन्हा त्रिंबक झालो.

तुम्हाला हे शिकवायची गरज नाही, पण मी स्वतःलाच पुन्हा सांगतो आहे. त्या ओल्या जमिनीवर रसाचा एक घोट जरी सांडला असता तरी पाण्याची क्षणात वाफ होऊन उकळतं लोखंड वर उडालं असतं. तिथे बंकट होता, सोमेश्वर होता, मॅडम होत्या, मी होतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. गुरुवारी सकाळी ते माझ्या डोक्यात नव्हतं, एवढंच.

पुढचे दोन तास कय्युमभाई मालक आणि मी हमाल. हवेचा पंखा मंद करून भट्टी जेमतेम जिवंत ठेवली, गोदामातली कोरडी वाळू आणून शेडच्या दुसऱ्या अंगाला, जिथे सडा पोचला नव्हता, तिथे जाड थर दिला, साचे उचलून तिकडे नेले. एक वाजता रस ओतला. अठरातले सतरा दांडे चांगले निघाले, आणि अठरावा माझ्या टेबलावर आहे. मग मॅडम एका उलट्या पेटीवर बसल्या आणि कय्युमभाईंना तासभर प्रश्न विचारत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, चाचा, ही तपासणी सोडू नका, पण पायाने नको, हाताने करा, बूट घालून करा आणि भट्टी पेटवायच्या आधी करा. ते म्हणाले, 'पायाला कळतं तेवढं हाताला कळत न्हाई, पण बघू.' मॅडमनी तिथल्या तिथे त्यांचं मूल्यांकन लिहिलं: उत्तीर्ण. त्याचं पत्र तुम्हाला येईलच. माझ्याबद्दलही चार ओळी लिहिल्या आहेत, पण त्या सगळ्या इथे द्यायला जागा नाही.

माझा जीव भांड्यात पडला. दाजी, खरं लिहितो, त्या दिवशी जेवायला बसलो तर घास तोंडापर्यंत जाईना. परवान्याच्या आनंदाने नाही. बंकट पंगतीत समोर बसून लोणचं मागत होता, म्हणून. माणूस लोणचं मागतो आहे हे बघून कोणाला रडू येतं का? मला आलं.

बाकी भेटीअंती. अक्काला जपा, स्वतःलाही.

आपला,
त्रिंबक

ता. क. अक्काला सांगणे, कांदा-लसणाचा मसाला संपला आहे. घाई नाही, पण आहे.

ता. क. २ (हे अक्षर माझं, मंजुषाचं.) दाजी, नमस्कार. पत्र टाकायला दिलं म्हणून वाचलं. 'सडा पडला' म्हणजे पाऊस पडला तसा पडला का? पहाटे चारला मला आणि कामाला येणाऱ्या बायनाबाईला यांनी उठवलं, शेण यांनीच आणलं, सुस्वागतम यांनीच काढलं. तुमच्या वार्तापत्रात 'धूळ जमिनीवरच रोखा' छापलं होतं ते यांनी वाचलं. पुढच्या पानावर 'ओतकामाच्या जागी पाणी वापरू नये' होतं. त्या पानात यांनी भजी बांधून आणली होती.

ता. क. ३ (अक्षर पुन्हा माझं, त्रिंबकचं.) आता झाकून उपयोग नाही. मॅडमच्या चार ओळी अशा: परवाना द्यावा, मात्र मालकांनी तीन महिन्यांच्या आत सुरक्षा प्रशिक्षण उत्तीर्ण व्हावं, अन्यथा परवाना थांबवावा. म्हणजे बंकटचा कोयता आता माझ्या मार्कांवर टांगलेला आहे. मी चौदा तारखेच्या तुमच्या वर्गात नाव घातलं आहे. लेखी तुमच्या हातात आहे, तिथे दोन शब्द मी टाकीन. पण प्रात्यक्षिकाला परीक्षक म्हणून मॅडमनी कय्युमभाईंचं नाव सुचवलं आहे, आणि तिथे शब्द टाकून बघितला. म्हणाले, 'मालक, नापास झाले तर परत शिकवू, परत नापास झाले तर परत शिकवू. पास होईस्तोर मात्र भट्टीपासून धा पावलं लांब.' स्वतः पावलं मोजून त्यांनी बाक टाकून दिला आहे. चार दिवस झाले, मी तिथेच बसतो आहे. सोपा पेपर काढा दाजी, इथे दुपारचं ऊन येतं.