आपल्या गावाचा कोरा ठिपका

आईस, तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. पोटभर जेवते, ओठ तेवढे फुटलेत.

कुठे पाऊस जास्त पडतो आणि कुठे हवाच जास्त पाणी पिते, त्याचा जगाचा नकाशा आम्ही रंगवतोय. इथे कचेरीच्या अंगणात परातीसारखं उघडं भांडं आहे, त्यातलं पाणी हवेनं किती प्यायलं ते रोज मोजायचं. परवा ते इतकं घटलं की साहेबांनी या जागेला थेट वाळवंटाचा रंग दिला. मग दिसलं, पहारेकऱ्याचा कुत्रा त्यात तोंड घालून मनसोक्त पीत होता!

पण आई, समुद्र रंगवताना माझा हात थांबला गं. केवढं पाणी रोज वर जातं, आणि जराही आवाज नाही! दोरीवरचं तुझं धुणं वाळतं, अगदी तसंच.

आपल्या गावाचा ठिपका अजून कोरा आहे. भोवती सगळा वाळवंटाचा तांबडा रंग आलाय. विहिरीला पाणी किती आहे? बाबा "भरपूर" म्हणतात, म्हणून तुला विचारते.

तू पक्ष्यांसाठी पाणी ठेवतेस त्या भांड्याशेजारी दुसरं भरून ठेव, त्यावर जाळी घाल. दिवसाला त्यातलं पाणी किती बोटं उतरतं ते कळव. पक्ष्यांचं मात्र उघडंच राहू दे.

तुझं उत्तर येईपर्यंत मी त्या ठिपक्याला कुणाला हात लावू देणार नाही.

तुझीच,
धाकटी