बंब आणि घरफाळ्याची सूट

अव्वा, घरफाळ्यातली सोलरची सूट पुन्हा सुरू झाली. काल फॉर्म आणला, आज दुपारी भरायला बसले आणि तिसऱ्या रकान्याशी अडले. खरं तर अडण्यासारखं त्यात काही नाही. गच्चीवरचं पाणी तापवायचं सोलर चालू आहे का, एवढंच विचारलंय. ‘हो’ लिहायचं आणि पुढं जायचं. पण पेन तिथंच थांबलं, म्हणून फॉर्म बाजूला सारून वही ओढली आणि तुला लिहायला घेतलं. तू गेलीस त्याला आता नऊ वर्षं होतील. इतक्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. तू होतीस तेव्हाही लिहिण्यात अर्थ नव्हताच. तुला वाचायला यायचं, पण माझं अक्षर लागायचं नाही. ‘मास्तरणीचं अक्षर म्हंजे मुंग्यांची रांग,’ म्हणायचीस आणि कागद माझ्याच हातात परत द्यायचीस, ‘तूच वाच.’ मी वाचून दाखवेन ते तू खरं धरायचीस. आज अडले ते तिथंच.

आधी इकडचं सांगते. तू होतीस तेव्हा लाईट गेली तर तासाभरात यायची. तू गेल्यानंतर भारनियमन सुरू झालं आणि रोज ठरलेल्या वेळेला चार-चार तास लाईट नाही, असं कितीतरी दिवस चाललं. लाईट नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून गच्चीवरच्या टाकीत गार पाणी नाही, आणि वर गार पाणी चढल्याशिवाय सोलरचं गरम पाणी खाली उतरत नाही. डोक्यावर रणरणतं ऊन आणि मोरीत कोरडा नळ. मग इन्व्हर्टर घेतला. त्यावर दिवे-पंखे चालतात, पंप चालत नाही. त्याची मोठी बॅटरी पुढच्या सोप्यात ठेवलीय आणि दर महिन्याला तिच्यात डिस्टिल्ड वॉटर मी घालते, कारण तुझ्या जावयांचा हात थरथरतो. लाईट आली की बॅटरी चार्ज व्हायला लागते, युनिटं वाढतात, आणि युनिटांचे आता टप्पे केलेत. टप्पा ओलांडला की पुढचा दर चढा. पावसाळ्यात ऊन नसतं म्हणून सोलरच्या टाकीतली कॉईल लावावी लागते, तेव्हा तर टप्पा ओलांडतोच. सोलर घेतलं तेव्हा कर्जाच्या व्याजात सवलत होती, ती पुढं गेली. घरफाळ्यातली सूट मिळाली, तीही गेली, आता परत आली. बॅटरीला कुणी कधी सूट दिली नाही. तुझे जावई म्हणतात, आपल्या गच्चीवर उन्हापेक्षा परिपत्रकंच जास्त पडतात. मी आयुष्यभर मुलींना गणित शिकवलं आणि आता विजेचं बिल हातात आलं की चष्मा काढून ठेवते. भांडायला जायचं त्राण उरलेलं नाही. असो.

तू आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा एक ट्रंक आणि तांब्याचा बंब, एवढंच घेऊन आलीस. शिरोळहून एस.टी.च्या टपावर बांधून. स्टँडवर उतरवताना हमाल म्हणाला, ‘आज्जी, कोल्हापुरात पाणी तापत न्हाय व्हय?’ आणि तू म्हणालीस, ‘तापतंय की. पर माज्या हातानं न्हाय.’ दुसऱ्या दिवसापासून घरामागच्या परड्यातला पत्र्याचा आडोसा तुझा झाला. मला आत्ताही दिसतं: पहाटेचे पाच वाजलेत, तू उकिडवी बसलीयस, उसाची वाळली चिपाडं कडाकडा मोडून बंबाच्या नळकांड्यात सोडतेयस, वरून एक शेणी. धूर आधी तुझ्या डोळ्यांत जातो, मग माझ्या दांडीवरच्या साड्यांत. पाणी तापलं की तुझी हाक सगळ्या घरातून फिरते. ‘जावईबापू, उठा. पोरी, ऊठ की गं, पाणी गार व्हाय लागलं.’ आंघोळीचा क्रम तुझा. राख तुझी, ती भांड्यांना. शनिवारी चिंच-मीठ लावून बंब लखलखीत करायचीस, आणि तेव्हा मध्येच कुणी बोललेलं तुला चालायचं नाही.

आणि ती बाळं. गल्लीत कुणी बाळंत झालं की सव्वा महिना बाळाची आंघोळ तुझ्याकडे. पलीकडच्या शिंपीणबाईंची सून बाळ घेऊन परड्याच्या दारात उभी आहे, तू पाय लांब करून पाटावर बसलीयस, कोपर बुडवून पाणी बघतेयस. ‘आज्जी, लई कडक न्हाय ना?’ ती विचारते. ‘मला शिकवाय नगं. बस तितं गप.’ बाळ पहिल्यांदा रडतं आणि तुझ्या पायांवर पालथं पडलं की गप्प होतं. शाळेला निघताना मी हे रोज बघत असे आणि घड्याळ बघत असे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी आम्ही सोलर घेतलं. सूट आहे तोवर घेऊया, असं सगळ्या गल्लीत चाललं होतं. गच्चीवर काच बसली, टाकी बसली, नळातून फुकटचं गरम पाणी आलं, आणि तू बंब पेटवायची थांबली नाहीस. म्हणालीस, ‘तुजं ते वरचं पाणी पावण्यागत हाय. येईल तवा येईल. माजं घरचं हाय.’ मग घरफाळ्याच्या सुटीचा फॉर्म आला. छापील बारीक अक्षर तुझ्या नजरेला लागायचं नाही, म्हणून तुझ्यासमोर बसून मी तो वाचून दाखवला, आणि त्यात नसलेली एक ओळ वाचली. सूट पाहिजे असेल तर घरात पाणी तापवायचं दुसरं साधन ठेवता येत नाही, तपासायला माणूस येतो. तू विचारलंस, ‘असं लिव्हलंय?’ मी म्हणाले, ‘लिहिलंय.’ कागदावर बोट ठेवून म्हणाले. त्या बोटाखाली अर्जदाराचा पत्ता होता. तिसऱ्या दिवशी वार शनिवार नसताना तू बंब घासलास आणि म्हणालीस, सरकारी कायदा हाय म्हटल्यावर काय करायचं. माझ्या नणंदेनं तो हातकणंगल्याला नेला. रिक्षात ठेवेपर्यंत तू त्याची तोटी धरून होतीस.

तपासणीचे साहेब खरंच आले. गच्चीवर गेले, टाकीला हात लावला, सही केली, पाच मिनिटांत खाली. तू चहा ठेवला होतास. कप देताना म्हणालीस, ‘बगा साहेब, बंब काढला आमी. तुमच्या कायद्यापायी.’ साहेब कप घेता घेता थांबले. ‘कसला कायदा आजी? बंबाचं आमच्याकडं काय न्हाय.’ मी पुढं झाले. म्हणाले, ‘साहेब, चहा घ्या, गार होतोय. तिला कमी ऐकू येतं.’ तुला अजिबात कमी ऐकू येत नव्हतं. तू माझ्याकडे बघितलंस, मग साहेबांना म्हणालीस, ‘साखर बरी हाय का?’

त्यानंतरही तू पाचला उठायचीस. परड्यात जायचीस, झाडायचीस, दाराशी बसायचीस. ढगाळ दिवस आला की सकाळी नळाचं पाणी कोमट यायचं, आणि कोमट पाण्यानं बाळाला न्हाऊ घालायचं तू साफ नाकारलंस. शिंपीणबाईंच्या सुनेनं दुसऱ्या बाळाला घरीच गॅसवर पाणी तापवून न्हाऊ घातलं. तू एकदा बघायला गेलीस आणि लगेच परत आलीस. ‘पाठीला तेल नीट जिरवत न्हाय ती,’ एवढंच म्हणालीस. हळूहळू तुझी उठायची वेळ सहा झाली, मग सात. हाक मारायचं बंद झालं. जावईबापूंनी घड्याळाला गजर लावायला सुरुवात केली. डॉक्टरांना मी सांगितलं, वयामुळं झोप वाढलीय.

मग सूट बंद झाली. घरफाळ्याचं बिल आलं तेव्हा मी जेवताना चिडून तुझ्या जावयांना सांगत होते की एवढी तपासणी, एवढ्या सह्या, आणि आता म्हणतात योजना संपली. तू भाकरी मोडता मोडता म्हणालीस, ‘सूट गेली न्हवं? मग कायदा बी गेला की. बंब आणूया परत.’ इतक्या साध्या आवाजात, की तू मला पकडलंयस की खरंच विचारतेयस, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. मी म्हणाले, नणंदेला दिलेली वस्तू परत मागणं बरं दिसत नाही. तू मान हलवलीस. ‘व्हय. बरं दिसत न्हाय. ऱ्हाऊ दे.’ आणि ताक मागितलंस. त्याच दिवाळीत नणंद आपण होऊन म्हणाली होती, वहिनी, आमच्याकडे आता गिझर घेतलाय, अव्वांचा बंब पाठवून देऊ का? तू आत झोपली होतीस. मी तिला नको म्हणाले. पुढची दिवाळी तू बघितली नाहीस.

लोकांना मी सांगत आले की धुरानं अव्वाला खोकला व्हायचा म्हणून बंब काढला. सांगून सांगून मलाही ते पाठ झालं. खोकला तुला बंब गेल्यावरही होताच. फॉर्म उद्या द्यायचा आहे, तिसऱ्या रकान्यात मी आता ‘हो’ लिहिलंय. या पानाचं काय करायचं ते ठरवलेलं नाही, वहीतच राहील. खरं कारण इतकं लहान आहे की ते कागदावर उतरवतानाही लाज वाटते. दिवसभर शाळा, संध्याकाळी घर, आणि पहाटे पाचला ती चिपाडं मोडल्याचा आवाज, पाठोपाठ तुझी हाक. मला सहा वाजेपर्यंत झोपायचं होतं, अव्वा. एवढंच.