बावीस फूट आकाश

४ नोव्हें., मंगळ
वि.ने आज मुक्ताच्या खोलीत भिंतीला प्लाय ठोकून घेतला. (नवऱ्याला तोंडावर अहो, इथे वि.) कोपऱ्यात वळवलाय, म्हणजे कोपरा दिसणार नाही. टेबलावर घाट, दोन बोगदे, बोटाएवढं स्टेशन, त्यातून फिरणारी खेळण्यातली आगगाडी. तीन वर्षं चाललंय. आता मागे डोंगर आणि आकाश हवं. "तू ड्रॉइंग टीचर ना, आठ दिवसांत होईल." विचारलं नाही, सांगितलं.

लेक लग्न होऊन बंगलोरला गेली तेव्हा ही खोली माझी ठरली होती. उत्तरेचा उजेड. रिटायर झाल्यावर रोज चित्रं काढणार होते. दोन महिन्यांत ह्याचं टेबल आलं. "टेंपररी आहे गं." माझं ईझल बाल्कनीत, त्यावर टॉवेल वाळतात.

तरी हो म्हटलं. बावीस फूट भिंत. एकतीस वर्षं शाळेत पोरांकडून आंबे नि सूर्योदय काढून घेतले, एवढी जागा मला कधी कोणी दिली नव्हती.

८ नोव्हें., शनि
आकाश झालं. तळाशी जवळजवळ पांढरं, वर चढत जाईल तसं निळं. ओलं असतानाच एका रंगातून दुसरा काढावा लागतो, थांबलं की पट्टा दिसतो. साडेचार तास उभी. कुकर वि.ने लावला, तीनदा विचारून.

बाहेर इतकं धुरकं की खिडकीतून समोरची सोसायटीसुद्धा दिसत नाही, सगळं राखेच्या रंगाचं. घसा जळतोय. प्युरिफायर ह्या खोलीत आहे, पण इंजिनांवर धूळ बसू नये म्हणून.

१३ नोव्हें., गुरु
डोंगरांच्या तीन रांगा. सगळ्यात लांबची आकाशापेक्षा जेमतेम गडद. जवळच्या उतारावर पिवळं पडत चाललेलं गवत, एक कातळ. कंबर गेली.

चांगलं झालंय. मी स्वतःबद्दल असं लिहीत नाही, पण झालंय.

१५ नोव्हें., शनि
वि. बराच वेळ बघत उभा. मला वाटलं आवडलं. मग म्हणाला, "क्षितिज खाली आहे."

म्हणे क्षितिज बघणाऱ्याच्या डोळ्याच्या रेषेत हवं, व्हिडिओत सांगतात. मी म्हटलं, आहे की, मी बघूनच काढलंय. मग दोघांच्याही लक्षात आलं. मी चार फूट अकरा, तो पाच फूट दहा. मी माझ्या डोळ्यांनी काढलं.

"अगं, पण बघणार कोण? चोप्रा, माथुर, गाडी बघायला येणारे सगळे माझ्याएवढे."

हसत म्हणाला. क्षितिज अकरा इंच वर घ्यायचं म्हणजे डोंगर पुसायचे, सगळं पहिल्यापासून. म्हटलं, नाही करणार. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, बहुतेक पहिल्यांदाच इतकं सरळ नाही म्हटलं. तो इंजिन पुसायला बसला.

१८ नोव्हें., मंगळ
उद्या नोएडाला, भाचीकडे बारसं. दोन रात्री. वि. म्हणतो, "आरामात ये, घाई नको." इतका प्रेमळ.

२१ नोव्हें., शुक्र
संध्याकाळी आले. बॅगही ठेवली नव्हती.

भिंतीवर फ्लेक्स. पहाडगंजच्या दुकानातून छापून आणला, माणूस येऊन चिकटवून गेला. सरळ माझ्या चित्रावर. बर्फाची शिखरं, तळं, टोकदार झाडं. खाली बोगद्यातून आपली घाटातली गाडी.

"रविवारी सगळे येणार होते, वेळ नव्हता. तू तर नाहीच म्हणालीस."

मी चहा टाकला. मलाच कळत नाही मी चहा का टाकला. दुसऱ्या कुणी पायताण घातलं असतं डोक्यात.

२३ नोव्हें., रवि
पाहुणे चार. साबुदाणावडे केले. चोप्रा, वि.चे जुने साहेब, "वाह भई, एकदम स्विट्ज़रलैंड." मी ट्रे घेऊन दारात. वि. म्हणाला, "पहले मिसेज़ ने थोड़ा कलर किया था, फिर प्रोफेशनल करवा लिया."

थोड़ा कलर.

चोप्रांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, लहान मुलीचं कौतुक करताना डोलावतात तशी. अस्सा राग आला. वडे मात्र मीच परत परत वाढत होते.

२४ नोव्हें., सोम
मुक्ताचा फोन. सगळं सांगितलं. ती भडकली. "बाबा ना यार, बिल्कुल..." मग म्हणाली, "आई, फोटो तरी पाठव. मी फ्रेम करते."

फोटो नाहीये. दहा दिवस रोज रंगवत होते, पण फोटो काढायचं वि.ला सुचलं नाही. मलाही नाही. त्याचे इंजिनांचे शेकडो आहेत, सगळे चित्र व्हायच्या आधीचे.

२७ नोव्हें., गुरु
नाश्त्याला, पेपरमधून मान वर न करता: "फ्लेक्स चमकतो गं. चोप्रांनी रविवारी काढलेल्या व्हिडिओत मागे ट्यूबलाइट दिसते. आता टेबल समोरच्या भिंतीपर्यंत वाढवतोय, तिथलं ब्रशनेच कर तू. ह्या वेळी क्षितिज तेवढं..."

मी बशा उचलल्या.

तो खाली फिरायला गेल्यावर खोलीत गेले. तळ्याच्या बाजूने फ्लेक्स जरा सुटलाय. नखाने ओढला. माझा रंग त्याच्याच पाठीला चिकटून निघून आला, तळहाताएवढा. खाली कोरा प्लाय. लगेच सोडून दिला.

मग तिथेच पडलेली टेप घेतली. समोरची भिंत, दार सोडून चौदा फूट. दोनदा मोजली. लाज वाटते हे लिहायला. वि.ला अजून हो म्हटलेलं नाही.