आईंची गोळी, हिराबाईंचं बीपी

पनवेल, बुधवार, संध्याकाळ

सासूबाईंची गुडघेदुखीची एटोरिकॉक्सिब आमच्या मासेवाल्या हिराबाईही घेतात, हे आज सकाळी दारात कळलं. आईंनीच दिली. दिवसभर बाजारात पाटावर बसून त्यांचे गुडघे धरतात, म्हणून.

"वैनी, लय भारी गोळी हाय. दुखत नाय, म्हनून ती बीपीची बंदच केली."

ही गोळी बीपी वाढवू शकते, आईंना डॉक्टरांनी बजावलं होतं. मी घरातलं मशीन हिराबाईंच्या दंडाला लावलं. आकडा पाहून पुन्हा लावलं. तेवढाच. खूप जास्त.

गोळी बंद करा म्हटलं, तर म्हणाल्या, "मंग पाटावर तुमी बसाल काय?"

"बसते. तुम्ही दवाखान्यात जा."

त्या खो खो हसल्या. "पापलेट कापता येतंय? माजं गिऱ्हाईक पलवाल! उद्या दुपारी येते तुमच्यासंगती."

मीही हसून बरं म्हटलं. त्या टोपली उचलून गेल्या. आई म्हणाल्या, "मला वाटलं, बरं वाटेल तिला." त्यांच्यावर कशी रागावू?

पण मी का हसले? तो आकडा पाहूनही उद्या दुपार कबूल केली. आजच चला म्हणायला हवं होतं. हिराबाईंचा फोन नंबरही माझ्याकडे नाही.